टीव्हीच्या लाइटिंगसाठी इलेक्ट्रिशियनला फी न भरता शिकता येतं का? (इंदूर)

रेवातीर
नमस्कार. माझी भाची माझ्याकडे रामबागेत राहते. नंदानगरच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड तिने चांगल्या मार्कांनी पूर्ण केला. तिच्या बाबांचं म्हणणं, आता वीज कंपनीच्या भरतीची तयारी करावी. तिला मात्र टीव्हीच्या शूटिंगमध्ये लाइटिंगचं काम करायचंय. महेश्वरच्या घाटावर एका मालिकेचं युनिट आलं होतं, तिथे बाकीची पोरं नटनट्यांचे फोटो काढत होती आणि ही जनरेटरच्या गाडीपाशी उभी राहून केबल कुठून कुठे जाते ते बघत होती. एका लाइटवाल्या दादांनी तिला डिस्ट्रिब्यूशनची पेटी उघडून दाखवली. तेव्हापासून तिचं ठरलंय.

अडचण पैशांची. एका खासगी संस्थेने सहा महिन्यांच्या 'गॅफर कोर्स'चे (गॅफर म्हणजे सेटवरच्या लाइटवाल्यांचा प्रमुख) दीड लाख सांगितले, मुंबईत राहण्याचा खर्च वेगळा. आमच्याकडे एवढे नाहीत, आणि असते तरी द्यावेत का हे कळत नाही. इंग्लंडमध्ये टीव्हीसाठी इलेक्ट्रिशियन घडवायला फी घेत नाहीत, उलट शिकताना पैसे देतात, असं तिने कुठेतरी वाचलंय. आपल्याकडे, निदान मध्य प्रदेशात, तसं काही आहे का? आणि मुलीला या कामात घेतात का? माहीतगार लोकांनी मोकळेपणाने लिहा. ती हा धागा वाचणार आहे.

सुदामानगरी
रेवाताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझा धाकटा भाऊ मुंबईत मालिकेच्या युनिटवर होता. बारा तासांची शिफ्ट म्हणायची आणि ती चौदावर जायची. मजुरी रोजावर, पण हातात पडायला तीन-तीन महिने. मालिका बंद झाली की सगळं युनिट दुसऱ्या दिवशी घरी. वीज कंपनीत लागली तर पगार, पीएफ, औषधपाणी, सगळं ठरलेलं. तुमच्या दादांचं काही चुकत नाही. भरतीचा फॉर्म भराच.

रेवातीर
राग कसला, हेच ऐकायला धागा काढलाय. फॉर्म भरणारच आहोत. पण भरती निघेपर्यंत तिने हात बांधून बसायचं का, हाही प्रश्न आहेच ना.

गोरेगाव_पूर्व
मी मूळचा इंदूरचा, शिक्षण तिथलंच. आता मुंबईत मालिकांवर गॅफर आहे. सुदामानगरी यांनी लिहिलंय ते खरं आहे. पैसे उशिरा येतात, काम सुटतं, पुन्हा मिळतं. हे भाचीला आधीच माहीत असलेलं बरं.

आता कामाबद्दल. प्रकाश कसा हवा हे कॅमेरामन सांगतो. त्यासाठी कोणता दिवा, किती, कुठे, कोणत्या फेजवर, हे गॅफर ठरवतो. बेस्ट बॉय सामान आणि माणसं सांभाळतो, आणि खाली लाइटमन. आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं दिवा फिरवायला, कटर (प्रकाश अडवायचा पडदा) लावायला, स्किमर (प्रकाश मऊ करायचं कापड) बांधायला महिन्याभरात शिकतात. लोड मोजायला मात्र वर्षानुवर्षं शिकत नाहीत, कारण त्यांना ते कुणी शिकवतच नाही. तुमच्या भाचीला ते येतं. म्हणजे जे आमच्याकडे सगळ्यात कमी आहे तेच ती घेऊन येतेय.

लोड म्हणजे काय, तर पाच किलोवॅटचा एक सोलर, म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा टंगस्टन दिवा, २३० व्होल्टवर जवळपास २२ अँपिअर ओढतो. तेवढ्यात आज चारशे वॅटची दहा-बारा एलईडी पॅनेलं चालतात आणि मालिकेतला अख्खा दिवाणखाना उजळतो. त्यामुळे पोरांना वाटतं, आता करंटची काळजी संपली. ती संपलेली नाही. स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारं सर्किट) तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट, सोडतात. तिन्ही फेजचा तो हार्मोनिक एकमेकांना कापत नाही, न्यूट्रलमध्ये येऊन त्याची बेरीज होते. तिन्ही फेज अगदी समान वाटून दिले तरी न्यूट्रलची तार फेजच्या तारेपेक्षा जास्त तापू शकते. आयटीआयमध्ये 'बॅलन्स्ड लोडला न्यूट्रलमध्ये करंट नाही' असं शिकवतात, ते साध्या दिव्यांपुरतं खरं. सेटवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर न्यूट्रललाही लावायचा.

आणि न्यूट्रल सुटला तर? एका सेटवर मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पेटीतला लग, म्हणजे तारेच्या टोकाचा जोड, सैल होता. ज्या फेजवर लोड कमी होता तिथलं व्होल्टेज चढत गेलं आणि व्हॅनिटी व्हॅनचा एसी, मॉनिटर, पॅनेलचे ड्रायव्हर एका मिनिटात गेले. माणूस गेला नाही हे नशीब. त्या युनिटमध्ये पेटी सकाळी तपासायची कुणाची जबाबदारी, हे ठरलेलंच नव्हतं.

एचएमआयचं, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या प्रखर दिव्याचं, वेगळं शास्त्र आहे. तो बॅलास्टवर (करंट आवरणाऱ्या पेटीवर) चालतो, पेटताना इग्निटर हजारो व्होल्टचा झटका देतो, आणि पुढच्या काचेशिवाय पेटवला तर अतिनील किरणांनी डोळे-कातडी भाजते. फ्लिकरही समजून घ्यावा लागतो. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं आणि शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला प्रकाशाचा एकसारखा वाटा मिळतो, डोळ्याला काही दिसत नाही. स्लो मोशन घेतलं किंवा जनरेटरची फ्रिक्वेन्सी सरकली की चित्र थरथरायला लागतं, आणि मग सगळे लाइटवाल्यांकडे बघतात.

दीड लाख देऊ नका. हे मी ठामपणे लिहितो. या धंद्यात प्रमाणपत्र बघून कुणी बोलावत नाही, बोलावतं ते ओळखीतून आणि हातातलं काम बघून. शिकायचं असेल तर लाइट भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या गोदामात शिकावं. शूटिंगवरून आलेलं सामान तिथे उघडतात, पुसतात, केबलचं इन्सुलेशन मेगर नावाच्या मीटरने तपासतात, अर्थ सलग आहे का बघतात, बॅलास्ट दुरुस्त करतात, पुढच्या युनिटसाठी गाडी भरतात. तिथे वर्ष काढलेल्या माणसाला प्रत्येक दिवा आतून माहीत असतो. माझ्याकडची सगळ्यात भरवशाची माणसं गोदामातूनच आलेली आहेत.

पलासियाकर
+१. न्यूट्रलचं कधी ऐकलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

थेम्सपार
मी इंदूरचा, सध्या इंग्लंडमध्ये. टीव्हीच्या नव्हे, पण इमारतींच्या वायरिंगच्या कामात आहे आणि माझे दोन सहकारी इथून टीव्हीच्या लाइटिंगमध्ये गेले, म्हणून इकडची पद्धत जवळून पाहिलीय.

पैसे येतात कुठून हे आधी सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. २०१३ च्या एप्रिलपासून इथे मोठ्या खर्चाच्या टीव्ही मालिकांना करसवलत मिळते. तासाला किमान दहा लाख पौंड खर्च असलेल्या नाट्यमालिका त्यात बसतात. सवलतीमुळे कामं इतकी वाढली की माणसं पुरेनात. मग निर्मात्यांनीच आपल्या खर्चातला छोटासा हिस्सा एका कौशल्य निधीत टाकायला सुरुवात केली. तो निधी स्क्रीनस्किल्स नावाची संस्था चालवते. त्यातून नवशिक्यांना सेटवर घेतात, कधी शिकण्याचा, प्रवासाचा, हत्यारांचा, अगदी ड्रायव्हिंग लायसन्सचाही खर्च देतात. म्हणजे ज्याला माणसं लागतात तोच पैसे घालतो. त्यामुळे शिकवतात तेही सेटला लागणारंच.

तुमच्या भाचीला दुसरी गोष्ट जास्त उपयोगी. इथे आधीच शिकलेला इलेक्ट्रिशियन घेऊन त्याला टीव्हीकडे वळवतात, कारण वीज शिकवायला वर्षं लागतात आणि सेटची रीत त्या मानाने लवकर अंगवळणी पडते. करमणुकीच्या तात्पुरत्या वायरिंगसाठी बीएस ७९०९ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार प्रत्येक सेटच्या विजेची जबाबदारी एका नेमलेल्या जाणत्या माणसावर असते, आणि जोडणी तपासून झाल्यावर सही होते. गोरेगाव_पूर्व यांनी लिहिलेला सैल लग अशा तपासणीत सापडायला हवा.

अडचणी इथेही आहेत. २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर ॲप्रेंटिसशिपचा कर आहे, पण ॲप्रेंटिसला किमान वर्षभराची नोकरी द्यावी लागायची आणि मालिकेचं शूटिंग चार-सहा महिन्यांत संपतं. मग उरलेले महिने त्या पोराला ठेवायचं कुणी? त्यावर उपाय म्हणून एक संस्था मालक होते आणि पोरांना या निर्मितीतून त्या निर्मितीत फिरवते. लाइट भाड्याने देणाऱ्या कंपन्याही कायमच्या असल्याने ॲप्रेंटिस घेऊ शकतात.

हे सगळं इथे काम करण्याचा हक्क असलेल्यांसाठी आहे. भारतातून अर्ज करून फुकट शिकायला या, असं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

रेवातीर
थेम्सपार, गोरेगाव_पूर्व, दोघांचे मनापासून आभार. भाचीने दोन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. दोघांनीही शेवटी भाड्याने सामान देणाऱ्या कंपनीकडेच बोट दाखवलंय, हे मला महत्त्वाचं वाटतंय. आता आपल्याकडच्या योजनांचं कुणी सांगेल का?

निवृत्त_निदेशक
रेवाताई, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

'टीव्हीचा इलेक्ट्रिशियन' अशी वेगळी योजना शोधू नका. आहे ती योजना त्या कामाला लावून घ्यायची. १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे. आयटीआय झालेल्या मुलाला इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये एका वर्षाची ॲप्रेंटिसशिप करता येते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते वीज कंपन्यांच्या, रेल्वेच्या भरतीतही उपयोगी पडतं. म्हणजे तिच्या बाबांची काळजीही यात धरलेली आहे, हे त्यांना नक्की सांगा.

ॲप्रेंटिस कोण घेऊ शकतं? २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला घ्यावेच लागतात, आणि चार ते एकोणतीस माणसं असलेली आस्थापना स्वखुशीने घेऊ शकते. मेख इथे आहे. मालिका संपली की गुंडाळणारं प्रॉडक्शन ऑफिस वर्षभराचा करार करणार नाही. पण लाइट-साउंड भाड्याने देणारी फर्म, जिथे आठ-दहा माणसं बाराही महिने कामाला असतात, ती करू शकते. इंदुरात अशा फर्म आहेत. लग्नं, कॉर्पोरेट कार्यक्रम, नाटकं, आणि अधूनमधून येणारं शूटिंग यांच्यावर त्या चालतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ॲप्रेंटिस घेता येतो हेच माहीत नाही.

विद्यावेतन : २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिन्याला किमान ७००० रुपये ठरवले. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १५०० रुपये, उचलतं. २०२३ पासून हा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. फर्मला हे समजावून सांगितलं की बोलणं सोपं होतं.

दुसरी मध्य प्रदेशची, मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना, २०२३ ची. वय १८ ते २९, राज्याचा रहिवासी. आयटीआय झालेल्याला त्यात ८५०० रुपये धरले होते, त्यातला तीन चतुर्थांश भाग राज्याकडून आणि बाकीचा आस्थापनेकडून. दोन्ही योजना एकाच वेळी नाहीत, एक निवडायची. यादीत नाव असलेल्या फर्मच चालतात, म्हणून आधी फर्मला नोंदणी करायला लावा.

एक सावधगिरी. कौशल्याच्या यादीत 'लायटिंग आर्टिस्ट' असं नाव दिसलं की मुलं फॉर्म भरतात. ते ॲनिमेशनचं काम आहे, संगणकावर चित्रातला प्रकाश ठरवण्याचं. त्यात केबलला हात लागत नाही. अभ्यासक्रम उघडून वाचल्याशिवाय सही करायची नाही.

आणि वायरमनचा परवाना काढून ठेवा. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तो मिळतो.

सुदामानगरी
निदेशक साहेब, हे पटलं. भरतीच्या कामाचं प्रमाणपत्रही मिळणार असेल तर माझा विरोध नाही. भावाला त्या वेळी असं कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं.

झांकीवाला
मुंबई-इंग्लंडच्या गोष्टी चालल्यात, मी आपल्या गावाची सांगतो. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात होते. १९९१ साली मिल बंद झाली, पण अनंत चतुर्दशीची झांकी बंद झाली नाही. शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. आजही बंद मिलांचे कामगार आणि त्यांची मुलं झांक्या उभारतात.

झांकी म्हणजे चालता सेट आहे हो. मोटरवर हलणाऱ्या मूर्ती, हजारो दिवे, मागे जनरेटरची गाडी, आणि रस्त्यावरचा पाऊस. रात्रभर ते सगळं शहरातून ओढत न्यायचं. वडिलांच्या वेळी दिवे पळवायला लाकडी ढोलावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायचे, ढोल मोटरने फिरला की पट्टी ज्या टोकाला लागेल तो दिवा पेटायचा. आता कंट्रोलर आलेत. पण ओल्या रस्त्यावर लोखंडी गाडीला अर्थ कसा करायचा, लोड तिन्ही फेजवर कसा वाटायचा, जोड पावसापासून कसा झाकायचा, हे प्रश्न तेच आहेत. गोरेगाव_पूर्व, तुम्ही इंदूरचे आहात, तुम्हाला हे आठवत असेलच.

झांकीचं काम गणपतीच्या बरंच आधी सुरू होतं. मुलीला यायचं असेल तर येऊ द्या. विद्यावेतन नाही देता येणार, पण जाणते लोक आहेत, हाताला धरून शिकवतील. आमच्याकडे मुली सजावटीत असतात, विजेच्या कामात अजून कुणी आलेली नाही. तिने यावं असं मला मनापासून वाटतं.

गोरेगाव_पूर्व
आठवतं म्हणजे काय! माझं पहिलं जोडकाम झांकीवरचंच. हे मी वर लिहायला हवं होतं असं नाही, पण तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, माझ्यासाठी गोदामातल्या वर्षाइतकीच ती शिकवणी मोलाची होती. भाचीने जरूर जावं. फक्त पायात इन्सुलेटेड तळव्याचे बूट, आणि पेटीवर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आहे का हे बघायचं, आणि टेस्टचं बटण स्वतः दाबून तो तुटतो का तेही. नसेल तर बसवायला सांगायचं, लाजायचं नाही.

कन्सोलवरची
मुलीला घेतात का, या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही. मी स्टेज आणि टीव्हीच्या रिॲलिटी शोंसाठी लाइट कन्सोल चालवते.

घेतात, पण आपणहून बोलावत नाहीत. लाइटमनच्या टीममध्ये मुली अजून मोजक्याच. पहिला आक्षेप वजनाचा. पूर्वी त्यात तथ्य होतं, जुने दिवे आणि बॅलास्ट दोघांनी उचलावे लागत. एलईडीमुळे ते पुष्कळ हलकं झालंय, आणि जड ते आजही दोघांनीच उचलायचं असतं, मुलगा असो की मुलगी. दुसरा आक्षेप रात्रीचा. तो मला रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर मुलीने नाही, युनिटने द्यायचं. रात्री पॅकअप झाल्यावर गाडी घरापर्यंत सोडते का, लोकेशनवर स्वच्छतागृह कुठे आहे, हे पहिल्याच फोनवर विचारायचं. ज्याला हे प्रश्न जड वाटतात त्याच्याकडे जायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे कायद्याने अंतर्गत तक्रार समिती लागते, तिची चौकशीही करायची.

भाचीला माझा एक आग्रह आहे. केबलइतकंच डीएमएक्स, म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना हुकूम पाठवायची डेटाची पद्धत, शिक. एका युनिव्हर्समध्ये (एका डेटा लाइनवर) ५१२ चॅनेल, प्रत्येक दिव्याला पत्ता, शेवटच्या दिव्यावर टर्मिनेटर. आजची बहुतेक पॅनेलं यावर चालतात. वीज आणि डेटा, दोन्ही कळणारी माणसं फार थोडी आहेत. दिवा पेटला नाही तर एक जण म्हणतो सप्लाय तपासा, दुसरा म्हणतो सिग्नल तपासा, आणि शूटिंग खोळंबतं. दोन्ही तपासू शकणारी मुलगी तिथे उभी असेल तर पुढच्या वेळी तिचंच नाव निघतं.

पलासियाकर
खंडवा रोडला विद्यापीठाच्या ईएमआरसीत (शैक्षणिक मल्टिमीडिया केंद्रात) कार्यक्रमांचा स्टुडिओ आहे ना? तिथे निदान बघायला मिळेल का?

निवृत्त_निदेशक
चांगली सूचना. आयटीआयच्या प्राचार्यांच्या पत्रासह रीतसर विनंती करावी. स्टुडिओतली दिवे टांगायची वरची ग्रिड, दिव्यांना लावलेल्या सुरक्षा साखळ्या, कंट्रोल रूम, हे एकदा पाहिलं की लोकेशनवरच्या कामाशी तुलना करता येते. माझं तर जुनं मत आहे, की आयटीआयने वर्षातले दोन आठवडे मुलांना अशा स्टुडिओत आणि मोठ्या रंगमंचावर पाठवावं. राज्य सरकार शूटिंग यावं म्हणून चित्रपट पर्यटन धोरणातून अनुदान देतं. अनुदान घेणाऱ्या युनिटने इथल्या आयटीआयची दोन मुलं सेटवर विद्यावेतनावर ठेवावीत, अशी अट घालायला काय हरकत आहे? हा प्रस्ताव मी लिहून देणार आहे. कुणाला सही करायची असेल तर निरोप धाडा.

थेम्सपार
माझी सही धरा. इंग्लंडमधलं सगळं जमेल असं नाही, पण ज्याला सवलत मिळते त्याने माणसं घडवायची, हा भाग तरी नक्की उचलण्यासारखा आहे.

कन्सोलवरची
माझीही. त्या दोन मुलांत निदान एक मुलगी, हेही त्यात लिहा.

रेवातीर
सर्वांना कळवते. भाची आणि मी इंदुरातल्या लाइट भाड्याने देणाऱ्या काही फर्मना भेटून आलो. एकांनी नकार दिला, एकांनी फक्त ऑफिसचं काम देऊ केलं. तिसऱ्या ठिकाणच्या मालकांनी तिला एक बंद पॅनेल दिलं. तिने फ्यूज, केबल, मग पत्ता, असं क्रमाने तपासून ते सुरू केलं. ते ॲप्रेंटिस घ्यायला तयार आहेत. पण म्हणतात, सीझन आहे, सोमवारपासून येऊ दे, कागदपत्रं महिन्याभराने करू. माणूस भला वाटला. काय करावं? तिचे बाबा आता तयार आहेत, त्यांनीच हा प्रश्न विचारायला सांगितलाय.

निवृत्त_निदेशक
कागद आधी. माणूस भला असला तरी. करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदल्याशिवाय ती कायद्याने ॲप्रेंटिस नाही. मग विद्यावेतनाचा सरकारी हिस्सा नाही, महिन्याचा काळ मोजला जाणार नाही, आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची हा वाद. फर्मची नोंदणी, तिची नोंदणी, दोघांची मान्यता, एवढंच लागतं. नोंदणी करताना मालकांना काही अडलं तर मी स्वतः येऊन बसतो, त्यांना तसं सांगा. तिचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेवढं आधी बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

गोरेगाव_पूर्व
निदेशक साहेबांशी सहमत. करार झाला की भाचीला सांगा, पहिले काही आठवडे फक्त केबल आणि पेट्या मागून घे. दिवे नंतर.

रेवातीर
खातं जोडलेलं नव्हतं. उद्या बँक उघडली की आधी ते करतो आणि तिथून थेट मालकांकडे जातो. निदेशक काका, दुपारी तुम्हाला फोन केला तर चालेल ना?

निवृत्त_निदेशक
चारनंतर करा. मी घरीच आहे.